बाभळीची मूठ

मिस्त्री यंत्राकडे कधी बघायचेच नाहीत. बिघाडाची तक्रार आली की आमच्या दूध डेअरीचे हे फिटर पान्यांची पिशवी भिंतीला टेकवत, एक रिकामा कॅन पालथा घालून त्यावर बसत आणि यंत्र चालवणाऱ्याचे हात बघत राहत. तासभर, कधी अख्खी पाळी. नव्वदीच्या सुरुवातीला मी संगमनेरला नवा इंजिनिअर म्हणून रुजू झालो, तेव्हा हा माणूस कामचुकार आहे असं माझं पक्कं मत झालं होतं. एकदा हटकलं तर म्हणाले, "यंत्राचं काय बघायचं सायेब, ते काय पळून जातंय व्हय? हात बघावा मान्साचा. त्यो कुठं आडतो ते बघावं."

तपासणीच्या खोलीचं दार बाहेर ओढायचं होतं, पण येणारा प्रत्येक जण ते ढकलायचा आणि कपाळ आपटून घ्यायचा. मॅनेजरसाहेबांनी त्यावर 'ओढा' अशी पाटी लावली, मग तिच्याखाली लाल अक्षरांत दुसरी. लोक ढकलतच राहिले. साहेब म्हणायचे, "अडाणी आहेत लेकाचे." मिस्त्रींनी एका दुपारी दोन्ही पाट्या उतरवल्या, बिजागऱ्या फिरवल्या आणि दार आत उघडेल असं केलं. "दाराला पाटी लावावी लागती म्हन्जी दारच चुकलंय," एवढं बोलून ते चहाला गेले. साहेबांना ते चांगलंच लागलं. पाट्या त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरात होत्या.

दुधाच्या टाकीवर भागवत नावाचा ऑपरेटर असायचा. पाथर्डी तालुक्यातला, तिसगावकडचा. आईबाप दर हंगामात ऊसतोडीला जात, त्यामुळे त्याचं बालपण फडातच गेलेलं. ही नोकरी लागली आणि घरातला कोयता सुटला. "माझी पोरगी फड बघनार न्हाई," हे तो दिवसातून दोनदा तरी सांगायचा. मुलगी सहावीत होती. त्याच्या टाकीला दोन व्हॉल्व्ह होते, शेजारी शेजारी आणि अगदी सारखे. एक दुधाचा, दुसरा टाकी धुण्याच्या सोड्याचा. सकाळच्या पाळीत तिथं एवढी वाफ असायची की स्वतःचं मनगट दिसत नसे. मिस्त्रींनी तीन दिवस त्याचे हात पाहिले आणि सोड्याच्या व्हॉल्व्हच्या दांड्याला बाभळीची खडबडीत मूठ बसवली. "आता डोळं मिटून बी हाताला कळंल." भागवतनं खरंच डोळे मिटून पाहिलं आणि हसला.

महिन्याभरात मुंबईहून कुणी बडे पाहुणे यायचे ठरले. साहेबांना ती मूठ दिसली. "ही डेअरी आहे का बैलगाडी? काढा ते लाकूड."

"लाकूड नगं तर पितळंची करा," मिस्त्री म्हणाले, "पर हाताला येगळी लागू द्या." आणि त्यांनी पान्याला हात लावला नाही.

मग साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी अजून नोकरीत कायम व्हायचा होतो. दोन स्क्रू होते, पाच मिनिटांत मूठ निघाली. पाहुणे त्या बाजूला फिरकलेसुद्धा नाहीत.

पंधरा दिवसांनी भागवतनं दुधाऐवजी सोड्याचा व्हॉल्व्ह उघडला. तपासणीत वेळीच सापडलं, कुणाच्या पोटात गेलं नाही, पण टाकीभर दूध गटारात सोडावं लागलं. चौकशीचा अहवाल लिहायला मलाच सांगितलं. 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' असं लिहीत होतो, तेव्हा मिस्त्री टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"सायेब, लाकूड कुनी काढलं ते बी लिव्हा की."

मी लिहीत राहिलो.

"चूक तिथं आधीच मांडून ठिवली हुती. भागवतचा नुसता हात पडला."

मी सही केली. भागवतला काढून टाकलं. त्या हंगामात तो बायको-मुलीला घेऊन ऊसतोडीच्या ट्रकमध्ये बसला. हे मला मिस्त्रींनीच सांगितलं आणि त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. निवृत्तीच्या दिवशी मी हार घालायला पुढे झालो, तर त्यांनी तो हातात घेतला आणि शेजारच्या खुर्चीवर ठेवून दिला. मला लाज वाटली, पण सगळे टाळ्या वाजवत होते म्हणून मीही वाजवल्या.

आता मी पुण्याच्या एका कॉलेजात वस्तू वापरायला सोप्या कशा कराव्यात ते शिकवतो. पहिल्याच तासाला या विद्येच्या परदेशी जनकांची गोष्ट सांगतो. महायुद्धात विमान उतरवताना वैमानिक पंखांच्या झडपांऐवजी चाकं आत घेण्याचा दांडा ओढत आणि सगळे वैमानिकालाच दोष देत. एकानं नीट पाहिलं, दोन्ही दांडे सारखे आहेत हे ओळखलं आणि चाकांच्या दांड्याच्या टोकाला चाकाचाच आकार दिला. असल्या साध्या गोष्टींवर पुढे अख्खं शास्त्र उभं राहिलं. मी त्या लोकांचे फोटो दाखवतो, मुलं नावं उतरवून घेतात. मिस्त्रींचा फोटो माझ्याकडेही नाही.

गेल्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "सर, आपल्याकडं असं कुणीच नव्हतं का?"

मिस्त्रींचं नाव घ्यायचं तर लाकूड कुणी काढलं तेही सांगावं लागतं. "माझ्या तरी पाहण्यात नाही," मी म्हणालो आणि पुढची स्लाइड लावली.