सतरा नावांची वही

विद्यापीठाच्या तळघरातल्या अभिलेखागारात जुनी कागदपत्रं सव्वीस वर्षं सांभाळणाऱ्या बाईंना सगळे 'दप्तरबाई' म्हणत. बांधा किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. बैठकांची इतिवृत्तं, निकालांची बाडं, प्रवेशाचे पट, सगळं त्यांनी वाळवीच्या तोंडून ओढून काढलेलं. कुठला गठ्ठा कुठल्या मांडणीवर, हे त्या डोळे मिटून सांगत.

एका सकाळी साठीची एक शिंपीण जिना उतरून आली. हातात विद्यापीठाचं पत्र: 'आपल्या नावाची कोणतीही नोंद आढळत नाही.'

"तीन वर्षं शिकले हो मी इथे," ती म्हणाली. "वसतिगृहात पाणी नाही म्हणून आम्ही कुलगुरूंच्या दारात धरणं धरून बसलो, तर काढूनच टाकलं. आता घरची नातवंडंसुद्धा म्हणतात, आजी थापा मारते."

दप्तरबाईंनी तासाभरात शिस्त समितीची वही शोधली. सतरा मुलींची नावं, खाली एका ओळीचा ठराव. कुणाचं म्हणणं ऐकून घेतल्याची नोंद नाही. सहावं नाव शिंपिणीचं. बाईंनी तिथल्या तिथे नक्कल काढली, सही केली, शिक्का मारला.

शिंपिणीनं ती नक्कल जोडून वर अर्ज केला, आणि पुढच्याच आठवड्यात कुलसचिव स्वतः खाली उतरले. विद्यापीठाच्या शताब्दीचा ग्रंथ छपाईला चालला होता, त्यात हे लचांड कुणालाच नको होतं.

"बाई, ती वही वाळवीनं खाल्ली असं लिहून द्या."

"वाळवीची माझ्या खोलीत यायची हिंमत नाही, साहेब. वही नष्ट करायची तर लेखी आदेश द्या. तोही मी जपून ठेवीन."

लेखी काही आलं नाही. आली ती परीक्षा विभागातली बदली.

"निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत," नवरा म्हणाला. "कशाला नसती उठाठेव?"

"मग सव्वीस वर्षं मी काय नुसती धूळ झटकत होते?" बाई कडाडल्या. त्यानं पानं वाढायला घेतली.

बदलीला त्यांनी नाही म्हटलं नाही. पण कामाचा ताबा द्यायचा तो नियमाप्रमाणे, एकेक वही दाखवून. वरून घाईचे निरोप येत राहिले, बाई ढिम्म. एकोणीस दिवस लागले. नवा अधिकारी रडकुंडीला आला, पण प्रत्येक नोंदीपुढे त्याची सही पडली. त्या वहीपुढेही. यादीची एक प्रत ग्रंथालयात गेली, एक कुलगुरूंच्या कार्यालयात. आता वही गायब झाली तर जाब त्यालाच द्यावा लागणार होता.

नकलेच्या जोरावर शिंपिणीनं अर्ज लावून धरला. आठ महिन्यांनी तिचं नाव पटावर परत आलं, अर्धवट राहिलेलं तिसरं वर्ष पूर्ण करायची परवानगी मिळाली. शताब्दीच्या ग्रंथात मात्र त्या सतराजणींबद्दल चकार शब्द नव्हता.

कुलसचिवांनी एकदा व्हरांड्यात गाठून विचारलं, "झालं का समाधान?"

"कसलं? अजून सोळाजणी शोधायच्यात," बाई म्हणाल्या, आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काखेत मारून पुढे चालू लागल्या. चौघींचे पत्ते त्यांना तोवर मिळालेही होते.