गोल पातळ नेसून सोयगावच्या धारेवर

आमच्या औरंगपुऱ्यातल्या मंडळाच्या चिटणिसांनी साहसावर जेवढी व्याख्याने दिली, तेवढे डोंगर त्यांनी लांबूनही पाहिले नसतील. यंदा मात्र सोयगावमागच्या डोंगराची धार ओलांडून पलीकडच्या पडक्या बुरुजावर जायचे, असे त्यांनी जाहीर केले आणि मी नाव दिले.

घरात बी.ए. झालेली मी पहिलीच. जालन्याला मुलींच्या शाळेत नोकरी मिळत होती, पण मला एकटी राहू द्यावे का, हे बाबांचे ठरत नव्हते. ते म्हणाले, "आधी या सहलीला जा. आक्का सोबत येईल. ती काय सांगते ते ऐकतो." आक्का म्हणजे माझ्या आत्याबाई; तेव्हा माझी नोकरी त्यांच्या जिभेवर होती, आणि ती जीभ साऱ्या गल्लीला ठाऊक आहे.

मोटार सिल्लोडपर्यंत बरी जाते, पुढे नुसता फुफाटा. तोंडाला बांधायला फडके न्यावे. फर्दापूरहून सोयगावला बैलगाडी मिळते. खानदेश शेजारी असल्याने तिथले दुकानदार आपला निजामाचा हाली रुपया उलटासुलटा करून पाहतात आणि इंग्रजी कलदार मागतात. थोडे कलदार जवळ असू द्यावेत. आम्ही धपाटे आणि दही बांधून नेले होते. चिटणिसांनी बिस्किटांचा डबा, नवे बूट आणि काठी आणली होती. पाणी आणायचे राहिले होते.

धार म्हणजे दोन्हीकडे तुटलेला कडा आणि मधे बैलाच्या पाठीएवढी वाट. ती पाहून चिटणीस म्हणाले, स्त्रियांनी इथेच थांबावे, त्यांच्या प्रकृतीला हे झेपणार नाही.

"मग तुमी जाऊन या की," आत्याबाई म्हणाल्या. "आमी बघतो."

ते गेले. थोड्या अंतरावर एक रुंद खडक होता, तिथे खाली बसले आणि बुरुजाचा इतिहास सांगू लागले. मागची मंडळीही बसून ऐकू लागली. त्यांचे व्याख्यान इतके मन लावून कधी कुणी ऐकले नसेल.

मी निघाले. पहिल्याच अरुंद जागी घोड्यावर बसल्यासारखे दोन्हीकडे पाय टाकून सरकावे लागत होते, आणि गोल पातळात पाय फाकेनात. नऊवारी जुनाट म्हणून मी हे बिनकासोट्याचे पाचवारी पातळ नेसू लागले होते, त्यावरून आत्याबाईंशी वर्षभर भांडले होते. त्या मागेच उभ्या होत्या, कासोटा घट्ट खोचून. इथून परत फिरले तर घरी काय सांगितले जाईल, ते मला दिसत होते.

मी मागे आले आणि त्यांना म्हटले, खांद्यावरची धाबळी आडवी धरा. त्या पाच वारांतच मी कसाबसा कासोटा घातला. पोटऱ्या उघड्या राहिल्या.

"बी.ए.च्या परीक्षेत हे इचारलं नव्हतं व्हय?" धाबळीमागून आवाज आला.

मी चिटणिसांना ओलांडून जात होते तेव्हा ते म्हणाले, "ताई, हे शोभत नाही." त्यांचे डोळे घट्ट मिटलेले होते, त्यामुळे काय शोभत नाही ते त्यांनी कसे पाहिले, कळले नाही.

मधे माझ्या हाताखालचा दगड सुटला. तो खाली पडल्याचा आवाज किती तरी वेळ आलाच नाही. मी पोट खडकाला लावून तिथेच चिकटले.

"घाबरलीस?" माझ्यामागून सरकत आलेल्या आत्याबाईंनी विचारले.

"हो."

"मी बी. सरक पुढं."

मी सरकले. बुरुजावर पडकी भिंत, शेळ्यांच्या लेंड्या आणि धुरकट खानदेश, एवढेच आहे. तरी जावे. तिथून आमचे मंडळ वाळत घातलेल्या धोतरांसारखे दिसते.

घरी आल्यावर बाबांनी विचारले. आत्याबाई पाय धूत होत्या. "पोर घाबरली," त्या म्हणाल्या. "उगं नाय कशाला म्हणू? पण घाबरून बसली नाय. जाऊ दे तिला जालन्याला."

सकाळी बाबा माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवून पुसत होते. तिच्यात आत्याबाईंनी स्वतःचे एक नऊवारी टाकले आणि मी ते काढले नाही.

मंडळाच्या सभेत चिटणिसांनी सांगितले म्हणे, की महिलांना धारेपलीकडे सुखरूप नेण्यात आले. पुढच्या आठवड्यात त्यांचे पुन्हा व्याख्यान आहे. विषय साहस. मी जालन्यात असेन.