वल्हं हातात, मोटर पाण्यात

पाण्यावर असताना वल्हेकाकू कुणाशीही बोलत नसत. किनाऱ्यावर त्यांना थांबवणं कठीण, पण गंगापूर धरणाच्या पाण्यात आपली अरुंद कनो होडी ढकलली की त्यांचं तोंड मिटायचं. मग फक्त वल्ह्याचा आवाज. शाळेत त्या खेळाच्या बाई होत्या. निवृत्तीनंतर आमच्यासारख्या पोरांना त्यांनी होडी शिकवली. त्यांचं खरं आडनाव कुणी वापरत नसे. आता त्या इंदूरला मुलीकडे राहतात. तिथे जवळपास पाणी आहे का, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

"यंत्र लावलं की आपण पाण्यावर नसतो, नुसते पाण्यावरून जातो," असं त्या म्हणायच्या. धरणात पर्यटकांच्या पेट्रोल बोटी आल्या, पाण्यावर तेलाचा तवंग दिसू लागला, काठावरची घरटी लाटांनी वाहून गेली. तेव्हा आम्ही गट केला आणि मी पत्रक लिहिलं. माझं घर चळवळीतलं, पाहुण्याला चहाआधी पत्रक मिळायचं, त्यामुळे ते काम माझ्याकडेच आलं. मथळा होता : 'या पाण्यात यंत्र नको!'

काकूंनी वाचून विचारलं, "कुठलंच नको?"

"काकू, तत्त्वाला फाटे फोडायचे नसतात."

"बरं बाबा, क्रांतिकारक," असं म्हणून त्यांनी गठ्ठा उचलला आणि रस्त्यावर उभं राहून स्वतः वाटला.

गेल्या वर्षी त्यांची होडी अचानक झपाझप जायला लागली. वल्हं तर सावकाश, जेमतेम पाण्याला लागेल इतकंच चालायचं. मागच्या टोकाला एक ओला टॉवेल कायम टाकलेला. आम्ही काठावरून ओरडायचो, "काकू, या वयात काय वेग!" एरवी कौतुकाने खुलणाऱ्या काकू मान फिरवायच्या. आम्हाला तो विनय वाटला.

एका सकाळी समोरून वारा सुटला आणि काकू मधोमध थांबल्या. होडी आडवी होऊन खडकांकडे वाहत चालली. त्यांनी वल्हं उचललं, पण उजवा हात छातीच्या वर जाईना. आमच्यातलं कुणी पोचण्याआधी पेट्रोल बोटवाला बाळू पोचला.

"काय काकू, वल्हं हाय ना हातात? मंग थांबल्या का?" दोर फेकत तो म्हणाला. तेवढ्यात टॉवेल पाण्यात पडला आणि मागे लावलेली विजेवरची छोटी मोटर उघडी पडली. बाळू मोठ्याने हसला. "आं! लय भारी! धरा दोर घट्ट. पत्रक नंतर वाटा."

बोटीतले पर्यटक मोबाईलवर चित्रण करत होते. काकू आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. तशाच ओढल्या जात काठाला आल्या.

आम्ही होडी वर ओढून घेतली. काकूंनीच जेवणाच्या पिशवीतून बॅटरी काढून खाली ठेवली. "खांदा गेलाय. डॉक्टरांनी वल्हं बंद केलं. मोटर सगळ्यात छोटी घेतली आणि बॅटरी पिशवीत मावेल एवढीच. तुम्हाला दिसू नये म्हणून. समोरून वारा आला तर ती पुरणार नाही, याचा विचारच केला नाही."

"पण काकू, यातून चुकीचा संदेश जाईल," आमच्यातला एक जण म्हणाला.

"हो, जाईल," काकू म्हणाल्या आणि त्यांनी मान हलवली.

ती मान अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. लाज वाटायला लावणं हे पत्रकाचं कामच. ठेकेदारांना वाटावी, अधिकाऱ्यांना वाटावी म्हणून मी शब्द घासूनपुसून लिहायचो. त्यांच्यापैकी कुणालाच ती कधी वाटली नाही. वाटली ती काकूंना, आणि तीही एका बिनआवाजी, बिनधुराच्या मोटरीची.  

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "द्वारका चौकात येतोस का? मोठी बॅटरी बघायचीय. मला जड उचलवत नाही."

तिथे रिक्षांच्या बॅटऱ्या विकणाऱ्या सलीमभाईंचं दुकान होतं. त्यांनी विचारलं, "मॅडम, होडीत माणसं किती?"

"मी एकटी."

"किती वेळ पाण्यावर?"

"सकाळभर."

"त्यात वल्हं किती, मोटर किती? त्याच्यावर बॅटरी ठरते."

काकूंनी ओझरतं माझ्याकडे पाहिलं. "अर्धं-अर्धं."

सलीमभाई हिशेब करायला लागले. मी समोरच्या फळीवरच्या डब्यांकडे बघत राहिलो.

"थांबा," काकू म्हणाल्या. आवाज शाळेच्या मैदानावरचा होता. "वल्हं नाही. आता वल्हवता येत नाही मला. सगळं मोटरवरच."

"मग मोटर आणि बॅटरी, दोन्ही मोठ्या लागतील, मॅडम. आणि तुम्ही मागे बसणार, तर बॅटरी पुढे, सगळ्यांना दिसेल अशी ठेवावी लागेल. नाहीतर होडीचं नाक वर येईल."

"ठेवू पुढे," काकू म्हणाल्या.