दाजी आणि राजकन्या हेमकला

ऐतिहासिक कादंबरी माझ्या दाजींइतक्या मनापासून वाचणारा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात झाला नसेल, आणि त्यांच्याइतक्या भलत्या कारणांसाठी वाचणारा तर साऱ्या महाराष्ट्रात नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. निरवांगीच्या गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. वडिलांची मेंढरं राखत वाढलेला माणूस. जनावर नुसतं चालताना दिसलं तरी त्याचं कुठं दुखतंय ते सांगायचे. माणसांचं दुखणं मात्र त्यांना फक्त कादंबरीतलंच कळायचं. ताई तापानं फणफणली तर "पड जरा" एवढंच म्हणायचे, आणि पुस्तकातल्या राजकन्येला शिंक आली तर यांच्या घशाखाली भाकरी उतरायची नाही.

ही हकिकत नव्वदच्या दशकातली. मी बारामतीला शाळेत शिकवत होतो आणि तिथल्या वाचनालयाचा सभासद होतो. शनिवारी माझी शाळा सुटायच्या आत दाजी एस.टी.नं येऊन फाटकाशी उभे असायचे. "पावणं, राजाची बघा एखादी. प्रेमाची असंल तर लई बरं. लढाई थोडी असली तरी चालंल." त्यांच्या अटी तीनच. घोडा हवा, राजकन्या हवी आणि राजवाड्याला सज्जा हवा. बिनसज्ज्याची कादंबरी एकदा मी चुकून दिली, तर दुसऱ्या दिवशी परत आली. "राजकन्या उबी कुठं ऱ्हायची मग? परसात?"

त्यांच्या वाचनाचा परिणाम गावावरही झाला. आधी गाईंची नावं कपिली, ढवळी अशी साधी असायची. दाजींनी कालवडींचं बारसं आपल्या हाती घेतलं आणि गावात चंद्रलेखा, रूपगर्विता, मदनमंजिरी चरू लागल्या. एक म्हातारी भर चावडीपुढून ओरडत गेलेली मी स्वतः ऐकली आहे, "आगं मदनमंजिरे, मुडदा बशिवला तुजा, कुनाच्या उसात शिरलीस गं!" लेखकांच्या चुकाही दाजी खपवून घेत नसत. एका सेनापतीनं दहा कोस दौड मारून घामाघूम घोड्याला तसंच पोटभर पाणी पाजलं, तेव्हा दाजी दोन दिवस माझ्याशीच बोलले नाहीत. जणू पाणी मी पाजलं होतं. शेवटी म्हणाले, "त्याला पोटशूळ उठनार, लिहून घ्या. अन् ह्यो गडी तकडं मोगरा हुंगत बसलाय!"

तर एकदा त्यांना राजकन्या हेमकलेची कादंबरी मिळाली. तीन भाग, शिवाय सज्जा एक सोडून चार. तिच्यावर जीव टाकणारा सरदार रणधीर दोन भाग घोड्यावरून उतरलाच नाही. तिसऱ्या भागाच्या अखेरीस तो छातीत बाण लागून नदीकाठी पडला, हेमकला अनवाणी धावत सुटली, आणि पुस्तक संपलं. म्हणजे वाचनालयाच्या प्रतीतली शेवटची सोळा पानंच गळालेली.

दाजींनी अन्न कमी केलं. ताईनं मला निरोप धाडला, "त्या मेल्या सरदाराचं काय झालं ते बघ आदी. हितं हे म्हशीला द्यायचं औषध शेळीला द्याया लागल्यात."

मी चौकशी केली. दुसरी प्रत इंदापूरच्या वाचनालयात होती, पण एका निवृत्त शिक्षिकेनं घरी नेलेली. पुढच्या रविवारी आम्ही दोघं त्यांच्या दारात. बाई एकट्याच राहत. बाहेरच्या खोलीत पितळेची छोटी बुद्धमूर्ती होती, भिंतभर पुस्तकं होती, आणि बाईंच्या डोळ्यावर हिरवी पट्टी. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडाच झाला होता.

दाजींनी नमस्कार केला आणि थेट मुद्द्यावर आले. "बाई, रणधीर हाय का गेला?"

"मला काय विचारता!" बाई ओरडल्याच. "मी तो बाण लागेपर्यंतच पोचलेय. डॉक्टरांनी महिनाभर वाचायचं नाही म्हणून सांगितलंय. जीव टांगणीला लागलाय नुसता."

दोघंही एकाच नदीकाठी अडकलेली! दाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्या वाचून दावू का?"

बाईंनी पुस्तक पुढं केलं. दाजी वाचू लागले. आवाज असा, की बाहेरून चाललेली शेजारीण दारात थबकली. मी शेजारी बसून पानावर नजर ठेवली होती. चौथ्या पानावर मला पुढचं दिसलं. हेमकला पोचली तेव्हा रणधीरचा श्वास थांबला होता.

दाजींनाही ते दिसलं. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले. बाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. दाजींनी खाकरून पुन्हा सुरुवात केली, "इतक्यात... इतक्यात तेथे एक वैद्य प्रकट जाला."

मी पान पाहिलं. वैद्य कुठंच नव्हता.

"तो वैद्य घोड्यांचा होता, परंतु हुशार होता. त्याने बाण उपसला, जखम हळदीच्या पाण्याने धुतली, आणि घोड्यास थोडे चालवून, दम खाऊ देऊन, मगच पाणी पाजिले." घामानं दाजींचा सदरा भिजला होता. "तेव्हा रणधीर डोळे उघडून म्हणाला, देवी, आता जरा बरं वाटतंय."

बाईंनी मुठीतला पदर सोडला. मग म्हणाल्या, "छान झालं."

दाजी अंगणात चपला घालत होते, तेवढ्यात बाईंनी मला हळूच विचारलं, "मास्तर, मेला ना तो?"

मी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "पट्टी निघाली तरी ती पानं मी वाचायची नाही."

एस.टी.त दाजी खिडकीकडं तोंड करून बसले होते. सणसर मागं पडल्यावर म्हणाले, "बाईंस्नी कळलं न्हाई न्हवं?"

"नाही," मी म्हणालो.

पुढं दीड-दोन वर्षं दाजींचा रविवार इंदापूरला, बाईंना वाचून दाखवण्यात जाऊ लागला. बाईंना नवा चष्मा आला, अक्षर लख्ख दिसू लागलं, तरी त्या म्हणायच्या, "अजून ताण पडतो हो डोळ्यांवर." ताईसुद्धा कधी सोबत जायची आणि ऐकता ऐकता हुंदके द्यायची. मग बाईंच्या मुलानं त्यांना सोलापूरला नेलं. दाजी त्यांना वाचून दाखवत होते ती कादंबरी अर्धीच राहिली. ती मी पोस्टानं बाईंना पाठवली. आठ दिवसांनी कार्ड आलं. "पुस्तक पोचलं. उघडलं नाही. इकडं कधी येणं होईल?"

स्वतःच्या लग्नाला एकच दिवस रजा घेतलेल्या दाजींनी तीन दिवसांचा अर्ज लिहिला. कारणाच्या जागी 'वाचन अपुरे' असं लिहिलं. दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांनी तो दोनदा वाचला आणि काही न विचारता सही केली.

दाजी परत आले तेव्हा मी ताईकडंच होतो. ताईनं पाण्याचा तांब्या हातात देत विचारलं, "कशा हायत्या बाई?"

दाजींनी सावकाश पाय धुतले.

"थकल्यात," ते म्हणाले. "पन अजून ऐकत्यात लई ग्वाड."