वहीतला चौथा रकाना

ठाण्याला कोर्टाच्या मागच्या गल्लीत आमचं ऑफिस होतं. सरकारी कामांची टेंडरं भरून देणं हा धंदा. नव्वदीच्या मध्यावर तिथे एक मोठं कॉपियर मशीन आलं. कॉपी निघाल्या की डाव्या बाजूच्या जोडात पानं गोळा व्हायची, आतल्या पट्ट्या ती ठोकून सारखी करायच्या, कोपऱ्यात पिन बसायची आणि तयार संच बाहेर पडायचा. या जोडाला आम्ही शिंपी म्हणायचो.

दसऱ्यानंतर शिंपी अडायला लागला. कागद आत जाऊन पंख्यासारखा चुरगळायचा, लाल दिवा लागायचा. दार उघडा, कागद ओढा, दार लावा. दहा संचांनंतर पुन्हा तेच.

मी तिथे नवी होते. डोंबिवलीला आमच्या दोन खोल्यांत वडील अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं छापायचे. त्यांची नोकरी होती तो कारखाना बंद पडल्यापासून तेच त्यांचं काम. भात कमी पडला तरी चालायचं, पण एका बाजूने कोरा असलेला कागद फेकला तर घरात बोलणी बसायची. पाठकोरा कागद म्हणजे आमची श्रीमंती. ऑफिसात रोज टोपलीभर पाठकोरे कचऱ्यात जाताना बघून मी साहेबांना सांगितलं, ऑफिसात ठेवायच्या प्रती यांवर काढू. साहेब खूश झाले. मी जुन्या कागदांच्या टाचण्या काढायचे, गठ्ठे लावून खालच्या ट्रेमध्ये भरायचे. दसऱ्याच्याच आठवड्यात हे सुरू केलं होतं. त्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायचं मला सुचलं नाही.

मशीनवर बहुतेक वेळ मावशी उभ्या असायच्या. चेंदणीच्या कोळीवाड्यातून चालत यायच्या. सहा वर्षं रोजावर होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनला पंधरा दिवस घरी बसायचं तर जागा जाणार, म्हणून त्या कायम होण्याची वाट बघत होत्या. साहेबांनी दिवाळीचा शब्द दिला होता.

"डोळं झालं का बाय, तुजा तोंड नीट बघेन," मला म्हणायच्या. "आता नुसता आवाज वलखतंय."

मशीन का अडतं ते शोधायचं काम मी मागून घेतलं. एक वही केली, चार रकाने आखले. तारीख, वेळ, कितव्या पानाला अडलं, मशीनवर कोण होतं. आठवड्याभरात चौथ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत मावशीच होत्या. ऑफिसच्या प्रती त्याच काढायच्या, तर दुसरं कोण असणार. पण वही मला पुराव्यासारखी दिसायला लागली. मग आठवलं, दसऱ्याला मशीनची पूजा मावशींनी केली होती. हळदकुंकू, झेंडूचा हार, अक्षता.

मी शिंप्याचं झाकण उघडलं, बॅटरी मारली. पट्टीच्या फटीत तीन तांदूळ. कुंकवाने लाल झालेले.

मी ते तिथेच ठेवले आणि सगळ्यांना बोलावलं.

साहेब वाकून बघत म्हणाले, "मावशी, काढा नैवेद्य बाहेर."

मावशी गुडघ्यावर बसल्या. त्यांना दाणे दिसत नव्हते. नखाने फट चाचपत राहिल्या. बोट भलतीकडे जायचं आणि मागचे लोक हसायचे.

"पुढच्या वेळी नारळ आतच फोडा," अकाउंट्सवाले म्हणाले.

"डावीकडे, मावशी. अजून डावीकडे," मी म्हणाले. मी हसले नाही. मी भाषण दिलं. यंत्राला देव कळत नाही, तेल कळतं, वगैरे. आमच्या पत्रकांतली वाक्यं होती, पाठच होती.

साहेबांनी ते लेखी मागितलं. मी एक पान भरून दिलं. ऑफिसची मालमत्ता, अंधश्रद्धा, बेजबाबदारपणा. एकही शब्द खोडावा लागला नाही. टायपिस्टने ते जसंच्या तसं टाईप केलं.

दुसऱ्याच दिवशी शिंपी पुन्हा अडला. तिसऱ्या दिवशीही.

शेवटी मेकॅनिक आला. त्याने अडकलेला कागद सरळ केला, उलटा केला, टेबलावर ठेवला. कागदाची कड आपोआप वर आली.

"मॅडम, हे कागद कोण भरतं?"

"मी."

"एकदा भाजून निघालेत हे. रोलरच्या गरमीतून गेलेला कागद वाकतो. परत घातला की शिंप्यात मान वर काढतो, मागचा त्याच्यावर आपटतो. वर टाचणीची भोकं." त्याने खालचा ट्रे रिकामा केला, कोरा गठ्ठा भरला, पन्नास संच काढले. एकही अडला नाही. "तांदळाने एखाद वेळी अडलं असेल. रोज रोज नाही."

मी वही घेऊन साहेबांकडे गेले. कागद कोणता होता, हा रकाना मी आखलाच नव्हता, चूक माझी आहे, मावशींवरचं ते पान परत द्या, म्हणाले.

साहेब वही चाळत होते. "तांदूळ होते ना आत?"

"होते."

"मग तू खोटं काय लिहिलंस?"

साहेबांनी वही मिटली.

"तिला नाहीतरी दिसत नाही आता. काढायचीच होती, फाईलला कारण नव्हतं. तू दिलंस." त्यांनी वही परत केली. "पाठकोरे बंद कर तेवढे."

दिवाळीच्या आधी मावशींना पत्र मिळालं. ते घेऊन त्या माझ्याच टेबलाशी आल्या.

"बाय, वाच गो. मना दिसत नाय. कायमचा हाय का?"

पहिलं पान साहेबांचं होतं. उद्यापासून येऊ नये. दुसरं माझं, मागे जोडलेलं. शिंप्याने कोपऱ्यात पिन नीट मारली होती. पहिलं वाचून मी थांबले.

"अजून एक पान हाय, हाताला लागतंय. वाच."

मी वाचलं. मावशी मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकत होत्या.

"ह्या कुणी लिवलंय?"

"मी."

मग त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, बोटाने चाचपून मागचं पान फाडलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

"ह्या तुजा. मागून कोरा असंल. वापर."

राजीनामा द्यायचं मी त्या दिवशी ठरवलं होतं. तिथे आणखी तीन वर्षं काढली. ते पान माझ्याकडे आहे. त्याचा एक कोपरा नाही. तो पिनेत अडकून मावशींच्या पानाबरोबर गेला.