बापाच्या रकान्यातली रेघ

दर मंगळवारी मी आमच्या चर्चच्या ऑफिसात बाप्तिस्म्याची जुनी, लॅटिनमधली रजिस्टरं वाचून देते. शाळेतून रिटायर झाले, एका म्हाताऱ्या फादरनी थोडं लॅटिन शिकवलं होतं, एवढंच माझं भांडवल. पण लोक पूर्वज शोधायला येतात आणि जाताना किस्सा ठेवून जातात! आता इतके साठलेत की कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

*

रामदासपेठेतले एक डॉक्टर आले. "मॅडम, काहीतरी घोळ आहे. आमच्या आजोबांचं लग्न ते चार वर्षांचे असताना झालं!"

मी पान उघडलं. डॉक्टरांनी बाप्तिस्म्याची तारीखच जन्मतारीख धरली होती. शेजारी वय लिहिलं होतं, सव्वीस वर्षं.

"म्हणजे आजोबा मोठेपणी ख्रिस्ती झाले?" त्यांचा चेहरा पडला. "आम्ही तर पिढीजात समजत होतो."

"पिढ्या कुठून तरी सुरू होतातच की! तुमच्या डोक्यावर पाणी घातलं तेव्हा तुम्हाला कोणी विचारलं नाही. त्यांनी स्वतःच्या अकलेनं घालून घेतलं. मान वर करा!"

*

बुटीबोरीच्या एक इंजिनिअरबाई मात्र खुशीत होत्या. पणजीची धर्ममाता सालोमी, आणि तिचं नाव पुढच्या दोन पानांवर सगळ्याच लेकरांपुढे! "केवढ्या मोठ्या घरची असेल ना?"

"मिशनची स्वयंपाकीण होती," मी म्हटलं. तसं तिथं लिहिलंच होतं. "अनाथ लेकरांना बाप्तिस्म्याच्या वेळी धरायला कोणी नसायचं. मग ही चुलीपासून उठायची, हात धुवायची, लेकरू धरायची आणि परत पोळ्या लाटायला जायची."

बाईंनी ते नाव बोट ठेवून पुन्हा वाचलं. मग मोबाईल काढला आणि पानाचा फोटो घेत म्हणाल्या, "मोठ्या घरचीच झाली मग!"

*

मग आली आमचीच पाळी. माझा मामेभाऊ विल्फ्रेड, धरमपेठेत त्याचं दुकान आहे. खानदानाच्या गेट-टुगेदरसाठी वंशवृक्षाचा मोठा बॅनर करत होता. म्हणाला, "सेलीन, आपल्या मार्था आजीचं पाहून दे ना वं."

पाहिलं. मार्था, वय अंदाजे दोन वर्षं. आईच्या रकान्यात रेघ, बापाच्या रकान्यात रेघ.

"कोणाले सांगू नको," विल्फ्रेड कुजबुजला. "माही सून वकिलाच्या घरची आहे. आपण तिचे मायबाप गोव्याचे लिहून टाकू. मोठे जमीनदार!"

"लिही! मी सगळ्यांसमोर रजिस्टर वाचून दाखवते."

"मग मी तिले बॅनरवर ठेवतच नाही!"

असा संताप आला मला! पाच लेकरं वाढवली त्या बाईनं, दुसऱ्यांचे कपडे शिवून शिकवली. ती रेघ काय तिनं मारली होती?

*

गेट-टुगेदरच्या दिवशी पडदा सरकला. बॅनरवर वर आजोबा, खाली पाच मुलं. आजी नाहीच! विल्फ्रेड टाळ्या घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसला.

आजीच्या पाच लेकरांतली आता एकटी तेरेजामावशी उरली आहे, नव्वदीला टेकलेली. चष्मा पुसून तिनं बॅनर पाहिला. "माही माय कुठी आहे गा?"

"आत्या, तिच्या मायबापाचाच पत्ता नाही," विल्फ्रेड बसल्या जागेवरून म्हणाला. "झाडात कुठी बसवू तिले?"

"अन् तुह्या आजोबानं पाच लेकरं काय एकट्यानं काढली?"

हॉल हसला. मावशी हसली नाही. तिनं काठी फरशीवर आपटली.

"मार्थाचे जे जे असतील, ते उठा!"

मी उठले. माझी पोरं उठली. मागच्या खुर्च्या सरकायला लागल्या. विल्फ्रेडचा मुलगा उठला. वकिलाच्या घरच्या सुनेनं आपलं तान्हं दोन्ही हातांनी उंच धरलं.

मावशीनं हॉलभर नजर फिरवली आणि पहिल्या रांगेकडे काठी केली.

"विल्फ्रेड, तू काहून बसला गा?"