मास्तरांच्या हातचं काम

मास्तर कोट शिवायचे. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल आणि जिभेला हाड नाही. टाका तिरका गेला की स्वतःच्या बायकोलाही "गोणपाट शिवतेस का?" म्हणायला कमी करायचे नाहीत.

दोन वर्षांपूर्वी ते तापाने दवाखान्यात पडले. उजव्या हाताला लावलेली सलाइनची सुई सरकली, हात फुगला, नुसती आग आग झाली. नर्सला तीनदा सांगितलं. "होतं असं थोडं, हलवू नका," म्हणून ती तीनदा निघून गेली. डॉक्टर तर फिरकलेच नाहीत. ताप उतरला, पण अंगठा आणि दोन बोटं कायमची बधिर झाली. हातातली सुई कधी निसटते, तेही कळेना.

आता हे गिऱ्हाइकांना सांगायचं? छे! झाकली मूठ सव्वा लाखाची. मास्तर बाहेर मापं घ्यायचे, गप्पा ठोकायचे. आतल्या खोलीत बायको शिवायची. कॉलर, अस्तर, काजं, सगळं. अगदी आपल्यासारखं उतरेपर्यंत त्यांनी तिला दहा-दहा वेळा उसवायला लावलं. बिचारी उसवायची.

मग त्यांनी दवाखान्यावर दावा लावला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण ज्याचा हातच गेला त्याने शहाणपण घेऊन काय करायचं? त्यांच्या वकीलबाई म्हणाल्या, "मास्तर, तीन गोष्टी दाखवायच्या. तुमची काळजी घेणं त्यांचं काम होतं, ती त्यांनी घेतली नाही, आणि त्यापायी तुमचं नुकसान झालं. पहिल्या दोन पक्क्या आहेत. तिसरीवर ते अडवतील."

अडवलंच. कोर्टाने हात तपासायला नेमलेला डॉक्टर म्हणाला, बधिरपणा आहे थोडा, पण कामाला अडू नये. मग दवाखान्याच्या वकिलाने मास्तरांची तीन जुनी गिऱ्हाइकं उभी केली. भली माणसं हो! एकेकाने शपथेवर सांगितलं, "मास्तरांच्या हाताला तोड नाही. काम पूर्वीसारखंच." ज्या कौतुकावर मास्तर आयुष्यभर जगले, तेच गळ्याशी आलं.

शेवटी लाज सोडून ते उठले. "साहेब, दोन वर्षं माझी बायको शिवतेय. मी आत्ता शिवून दाखवतो, बघा."

"मुद्दाम वाकडं कुणालाही शिवता येतं," वकील म्हणाला आणि गिऱ्हाइकाचा कोट पुढे केला. "हा गेल्या वर्षीचा. तुमच्या हातचा नाही, हे कशावरून? फरक दाखवा."

मास्तरांनी चष्मा लावला. कोट खिडकीपाशी नेला, उलटा केला, सुलटा केला. एकेक काज डोळ्यांशी धरलं. फरक नव्हता! केसाएवढाही नव्हता.

बायकोनेही साक्ष दिली. पण घरचीच साक्ष, तिला कितीसं वजन?

निकाल लागला. निष्काळजीपणा झालेला दिसतो, पण त्यामुळे नुकसान झाल्याचं सिद्ध होत नाही. दावा फेटाळला.

बाहेरच्या बाकावर बायको पदर चुरगाळत बसली होती. "अहो, माझंच चुकलं," ती म्हणाली. "एखादं तरी काज वाकडं राहू द्यायला हवं होतं मी."

"मी राहू दिलं असतं का तुला?" मास्तर म्हणाले, आणि तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, ओक्साबोक्शी रडले.